चालकाशी बोलू नये : एका पाटीची गोष्ट

एसटीच्या जुन्या लाल गाडीत चालकाच्या केबिनपाशी एक पाटी असायची. वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये, अशा अर्थाची. शेजारी विडी-सिगारेटला मनाई आणि आमदार-खासदारांसाठी राखीव जागा. या पाट्या वाचतच आमच्या पिढीने अक्षरे घट्ट केली. त्या काळी कुणाच्या खिशात मोबाइल नव्हता. कवठे महांकाळच्या स्टँडवर डेपोचा एक फोन आणि बाहेर एक-दोन एसटीडीचे पिवळे बूथ, एवढाच काय तो दूरसंपर्क. तरीही महामंडळाला ही पाटी लावावीशी वाटली होती. चालकाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत हे तिथे गृहीतच होते. पाटीला काळजी होती ती हातांची नव्हे, बोलण्याची.

हे आज आठवायचे कारण असे की हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य असते : "हातात कुठं धरलाय? ब्लूटूथवर बोलतोय की." फोन हातात नसला की गाडी चालवताना बोलणे सुरक्षित, अशी एक समजूत आपल्याकडे पक्की झाली आहे. ती कुठून आली, कधी आली आणि तिच्यात किती तथ्य आहे, ते पाहायला थोडे मागे जावे लागते. अगदी बैलगाडीपर्यंत.

मिरजेहून पंढरपूरकडे जाणारा आमचा रस्ता फार जुना. वारीला जाणारी माणसे, बाजाराला जाणाऱ्या गाड्या, दुष्काळात चाऱ्याच्या शोधात निघालेली जनावरे, सगळी याच वाटेने गेली. जुनी माणसे सांगायची, रात्री बाजार उरकून निघालेला गाडीवान गाडीतच आडवा व्हायचा. आखाखाली कंदील लोंबकळतोय, बैल आपल्या चालीने चाललेत आणि मालक घोरतोय. पहाटे डोळा उघडला तर गाडी दारात. यात नवल काही नव्हते. गाडी हाकायला लागणारे ध्यान दोघांत वाटलेले होते, थोडे माणसात आणि थोडे बैलात. माणूस गप्पांत रंगला, गाण्यात बुडाला किंवा झोपी गेला तरी बैल खड्ड्यात जात नाही, समोरच्या गाडीला धडकत नाही. टांगेवाला मागे वळून सवारीशी गप्पा मारायचा तेव्हा घोडा पुढे बघत असे.

इंजिन आले आणि ही वाटणी संपली. मोटारीला डोळे नाहीत. सगळे ध्यान आता एकट्या माणसाने पुरवायचे. वाहतुकीच्या इतिहासात वेगाची आणि घोड्यांच्या ताकदीची चर्चा खूप होते, या बदलाची होत नाही. माझ्या मते तो वेगाइतकाच मोठा बदल आहे.

रेल्वेवाल्यांना मात्र तो लवकर कळला. आमच्या गावावरून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी जायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1897 साली बार्शीपासून सुरू केलेली ही लाईन 1906 ला पंढरपूरला आणि 1927 ला मिरजेला पोचली. गाडीचा वेग असा की तिची थट्टा करणारे किस्से अजून गावात चालतात. पण एकेरी लाईनवरच्या कामाची पद्धत बघा. पुढची लाईन मोकळी आहे की नाही याची बोलणी दोन स्टेशनांचे मास्तर आपसात करणार, तारेवर किंवा फोनवर. इंजिनचा ड्रायव्हर त्या बोलण्यात कुठेच नाही. त्याच्या हातात टोकन किंवा कागद पडला की निघायचे, नाही पडला की उभे राहायचे. बोलायचे काम एकाचे, बघायचे काम दुसऱ्याचे. शंभर वर्षांपूर्वी एका धीम्या गाडीसाठी जी शिस्त लावली गेली, ती आज ताशी ऐंशीने जाणाऱ्या पिकअपला लागू नाही.

गाडीत आवाज शिरला तो रेडिओच्या रूपाने. 1930 च्या आसपास अमेरिकेत मोटारीत रेडिओ बसू लागले तेव्हा त्यावर बंदी घाला अशी मागणी तिकडे झाली होती. बंदी टिकली नाही आणि पुढच्या संशोधनाकडे पाहिले तर रेडिओबद्दलची भीती बरीचशी फोल ठरली. आपल्याकडे ट्रकमध्ये कॅसेट वाजू लागल्या आणि आता उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अख्ख्या गावाला गाणी ऐकवत जातात. त्याचा त्रास वेगळा. मागून येणाऱ्याचा हॉर्न त्या ट्रॅक्टरवाल्याला ऐकू येत नाही. पण गाणे उत्तर मागत नाही, हा फरक लक्षात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडेल.

गाडीतला पहिला फोन 17 जून 1946 रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात सुरू झाला. बेल कंपनीची ती सेवा होती आणि यंत्राचे वजन छत्तीस किलोच्या घरात. ते घेणारे थोडे होते, त्यामुळे गाडी चालवता चालवता बोलावे का, हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही. तो पडला 1969 साली इंग्लंडमध्ये. आयव्हन ब्राऊन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी चालकांना एका मैदानावर गाडी चालवायला दिली. वाटेत अडथळ्यांमधल्या फटी. काही फटीतून गाडी जाईल, काहीतून जाणार नाही. ते चालकाने ठरवायचे आणि त्याच वेळी फोनवरून येणाऱ्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. निष्कर्ष असा निघाला की स्टिअरिंग फिरवण्याच्या सवयीच्या कामात फारसा फरक पडत नाही, पण फट पुरेशी आहे की नाही हा अंदाज चुकू लागतो. गाडी सरळ चालते, निवाडा बिघडतो. ओव्हरटेक म्हणजे तरी दुसरे काय? समोरून येणारी गाडी आणि पुढची ट्रॉली यांच्यामधल्या फटीचा निवाडा. खिशातल्या मोबाइलचा जन्म व्हायच्या आधी हे छापून आले होते.

आपल्याकडे 31 जुलै 1995 रोजी बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला. सुरुवातीला येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे माणसे कामापुरते बोलत. 2003 मध्ये येणारा कॉल फुकट झाला आणि पाहता पाहता फोन आमच्या तालुक्यात वाड्यावस्त्यांवर पोचला. त्याआधी ट्रकवाला घरी फोन करायचा तेव्हा एसटीडी बूथ दिसला की गाडी बाजूला घ्यायचा, उतरायचा, बोलायचा, मीटरकडे बघत पैसे द्यायचा, चहा प्यायचा आणि निघायचा. फोन भिंतीला बांधलेला होता म्हणून चालक थांबत होता. ही सक्तीची विश्रांती कुणाच्या ध्यानात न येता नाहीशी झाली.

1997 हे साल या सगळ्या कथेत महत्त्वाचे. कॅनडातल्या टोरंटो शहरात रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोघांनी अपघातात सापडलेले 699 चालक निवडले. सगळ्यांकडे मोबाइल होते. त्यांच्या फोन कंपन्यांच्या नोंदी काढून सुमारे 26,800 कॉल तपासले. युक्ती अशी की चालकाची तुलना दुसऱ्या चालकाशी न करता त्याच्या स्वतःशीच केली. अपघाताच्या आधीच्या काही मिनिटांत तो फोनवर होता का आणि आदल्या दिवशी त्याच वेळी होता का? यामुळे 'तो मुळातच बेफिकीर होता' ही पळवाट बंद होते. उत्तर आले, फोनवर असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट. आणि त्याच अहवालात, ज्यांचे फोन हात न लावता वापरता येत होते त्यांना त्याचा काही फायदा झालेला दिसला नाही. 2005 साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात इस्पितळात आलेल्या जखमी चालकांवर असाच अभ्यास झाला. तिथेही चौपट, आणि हात मोकळे असले तरी तेच.

असे का व्हावे, याचा शोध अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. 2001 च्या त्यांच्या प्रयोगात फोनवर बोलणाऱ्यांचे सिग्नल चुकण्याचे प्रमाण दुप्पट झाले. फोन हातात होता की नव्हता याने फरक पडला नाही. रेडिओ किंवा वाचून दाखवलेले पुस्तक ऐकणाऱ्यांना मात्र काही झाले नाही. पुढे 2003 मध्ये त्यांनी चालकांची नजर कुठे जाते हे यंत्राने टिपले. चालकाची नजर रस्त्याकडेच्या फलकावर पडली होती, हे यंत्र सांगत होते. पण नंतर विचारले तर फोनवर बोलणाऱ्यांना तो फलक आठवत नव्हता. डोळ्यांनी पाहिले, मनाने पाहिले नाही.

हे वाचले तेव्हा मला आमच्या घरातलाच एक प्रसंग आठवला. माझा चुलतभाऊ पिकअप चालवतो. द्राक्षाच्या दिवसांत द्राक्ष, नंतर बेदाणा. तासगाव आणि सांगलीच्या सौद्यांना आमच्या भागातून बेदाण्याचा माल जातो आणि सौद्याच्या दिवशी चालकाचा फोन थंड होत नाही. त्या संध्याकाळी तो बेदाण्याची बॉक्स भरून निघाला होता. कानात ब्लूटूथ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, वेग साठच्या आसपास. माल पाठवणारा फोनवर विचारत होता, किती बॉक्स कुठल्या प्रतीचे, पावती कुणाच्या नावाने, मागच्या खेपेचा हिशेब किती राहिला. भाऊ डोक्यात आकडे जुळवत होता. पुढे उसाची ट्रॉली होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. दोष तिचाही होताच. पिकअप तिच्यात घुसली. मिरजेच्या दवाखान्यात त्याच्या पायात रॉड घातला. शुद्धीवर आल्यावर तो मला म्हणाला, "भाई, ट्रॉली दिसत हुती, पर दिसली न्हाई."

युटाच्या प्रयोगशाळेतले सगळे निष्कर्ष या एका वाक्यात आले. मी त्याला तेव्हा काही बोललो नाही. चाची बाहेर बाकावर दुआ मागत बसल्या होत्या, ती वेळ संशोधन सांगायची नव्हती.

पुढची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पंचनाम्यात मोबाइलचा उल्लेख कुठे आला नाही. येणार कसा? हातात फोन नव्हता. कायद्याने त्याने काही गुन्हा केला नव्हता. 2021 साली देशात रस्ते अपघातांत 1,53,972 माणसे गेली आणि त्यातली मोबाइलच्या वापरामुळे गेलेली म्हणून सरकारी अहवालात नोंद आहे 1,040 जणांची. म्हणजे शंभरात एकही नाही. रस्त्यावर नजर टाकली तर हा आकडा कुणाला पटेल? अपघातानंतर फोनची गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही, मेलेला सांगू शकत नाही आणि ब्लूटूथवर बोलणाऱ्याची गोष्ट तर नोंदवायला रकानाच नाही. जो धोका मोजला जात नाही तो नाही असे वाटू लागते.

कायद्याची गंमत अशी आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या जोडीला जे नियम आहेत, त्यातल्या एकविसाव्या नियमात लायसन काढून घेण्याजोग्या कृत्यांची यादी आहे. तिच्यात साधे शब्द होते : वाहन चालवताना मोबाइल फोन वापरणे. हाताचा उल्लेख नाही. त्याच आधारावर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना सांगितले की गाडी चालवताना मोबाइल वापरणाऱ्याचे लायसन किमान तीन महिने निलंबित करा. मग 2019 ची दुरुस्ती आली. बेदरकार वाहन चालवण्याच्या 184 व्या कलमात ज्या कृत्यांची नावे घातली, त्यात शब्द आला 'हातात धरून वापरायचे' संपर्क साधन. दंड वाढला, पहिल्या खेपेला एक हजार ते पाच हजार, पण व्याख्या हातापाशी येऊन थांबली. 2020 च्या नियमदुरुस्तीत असेही आले की असे साधन फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येईल आणि तेही चालकाचे ध्यान ढळणार नाही अशा रीतीने. म्हणजे ध्यान हा शब्द कायद्याला माहीत आहे. फक्त तो नकाशा बघणाऱ्याला लागू होतो, हिशेब सांगणाऱ्याला नाही.

हे आपल्याच सरकारचे अपयश नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने 2001 मध्ये बंदी आणली ती हातातल्या फोनवर. ब्रिटनने 1 डिसेंबर 2003 पासून आणली तीही हातातल्या फोनवर. टोरंटोचा अहवाल तोवर सगळ्यांनी वाचलेला होता. मग हातच का? कारण हात दिसतो. चौकातल्या पोलिसाला कानाला लावलेला फोन दिसतो, कॅमेऱ्याला दिसतो, कोर्टात फोटो दाखवता येतो. चालकाच्या डोक्यात चाललेला हिशेब कुणाला दिसणार? शिवाय फोन आणि गाड्या विकणाऱ्यांना हात मोकळे ठेवणारी नवी यंत्रे विकायची होती आणि कायद्याने त्यांना आयती जाहिरात मिळाली. ज्यावर बंदी नाही ते सुरक्षित, असा अर्थ लोकांनी लावला. डिसेंबर 2011 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने हँड्स-फ्रीसकट सगळे फोन चालकाला बंद करा अशी शिफारस केली. एकाही राज्याने ती सर्व चालकांसाठी मानली नाही. 2019 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने असेच सुचवले. तिथल्या सरकारनेही ते मनावर घेतले नाही.

आता दुसरी बाजू. ती टाळून लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेने हजारो गाड्यांत कॅमेरे बसवून माणसे रोजच्या जगण्यात गाडी कशी चालवतात ते वर्षानुवर्षे टिपले. त्यांच्या 2013 च्या अभ्यासात नुसते हँड्स-फ्रीवर बोलल्याने धोका वाढलेला आढळला नाही. धोका वाढतो तो फोन शोधताना, नंबर लावताना, मेसेज लिहिताना, म्हणजे नजर रस्त्यावरून हलली की. 2016 मध्ये त्यांनी 3,500 हून अधिक चालकांच्या नोंदींवरून सांगितले की हाताने नंबर लावताना धोका बारापट होतो. त्याच संस्थेला लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांत तर असे दिसले की हँड्स-फ्रीवर बोलणारे थोडे अधिक सुरक्षित होते. एकट्याने रात्रभर चालवताना बोलणे झोप उडवते, हे कारण पटण्यासारखे आहे. आमच्या भागातले ट्रकवालेही हेच सांगतात.

मग कुणाचे खरे? मला वाटते दोघांचेही, पण वेगवेगळ्या रस्त्यांवर. कॅमेऱ्याला चालकाची नजर दिसते, मनाचा गुंता दिसत नाही. आणि माणूस सहसा रस्ता सोपा असतानाच गप्पा लांबवतो, त्यामुळे बोलणे निर्धोक भासते. शिवाय तो अमेरिकेचा रस्ता. मध्ये दुभाजक, जायला वेगळा, यायला वेगळा, पायी माणूस नाही, जनावर नाही. आमचा नागज फाटा घ्या. रत्नागिरीहून कोल्हापूर, मिरज करत सोलापूरला जाणारा महामार्ग आणि गुहागरहून विजापूरला जाणारा रस्ता तिथे एकमेकांना भेटतात. वडापच्या जीप, कर्नाटकातले ट्रक, शेळ्यांचा कळप, उलट्या बाजूने येणारी दुचाकी, सगळे एकाच वेळी समोर असते. रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, पण त्यावरची माणसे तीच राहिली. 31 ऑक्टोबर 2022 ला याच रस्त्यावर पुढे सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कार्तिकीला निघालेल्या पायी दिंडीत मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. त्या अपघाताचा फोनशी संबंध मी जोडत नाही. सांगतो एवढ्यासाठी की आमच्या महामार्गावर आजही शेकडो माणसे पायी चालतात आणि त्यांचा जीव मागून येणाऱ्याच्या ध्यानावर असतो. ताशी 72 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 20 मीटर जाते. क्रिकेटची खेळपट्टी साधारण तेवढीच. फोनवरच्या प्रश्नाचे उत्तर आठवायला दोन सेकंद लागले तर दोन खेळपट्ट्या गेल्या.

यावर नेहमीचा सवाल येतो. शेजारी बसलेल्याशी बोलत नाही का आपण? बोलतो. युटातच 2008 मध्ये हे तपासले गेले. चालकांना ठरावीक ठिकाणी महामार्ग सोडून वळायला सांगितले होते. सोबत मित्र बसलेले बहुतेक जण बरोबर वळले, फोनवर बोलणारे बरेच जण पुढे निघून गेले. शेजारचा माणूस रस्ता बघत असतो. समोर ट्रॉली आली की तो वाक्य अर्धे सोडतो, नाहीतर "अरे हळू" म्हणतो. एका अर्थाने तो जुन्या बैलगाडीतला बैल आहे, ध्यानाचा थोडा वाटा उचलणारा. फोनच्या पलीकडचा माणूस दुकानात पंख्याखाली बसलेला असतो. त्याला ट्रॉली दिसत नाही. चालक क्षणभर गप्प झाला की तो म्हणतो, "हॅलो, हॅलो, ऐकतोयस का?"

दुचाकीवाल्यांचा हँड्स-फ्री तर आपण स्वतःच शोधून काढला. हेल्मेटच्या आत खोचलेला फोन, स्कार्फच्या घडीत दाबलेला फोन, आणि काहीच नसेल तर मान वाकडी करून खांद्याशी धरलेला. देशातल्या अपघाती मृत्यूंत साधारण 45 टक्के दुचाकीवरचे असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या जुगाडाचे हसू येत नाही. कानात बोंडे घालण्याचा आणखी एक धोका आहे, बाहेरचे ऐकूच येत नाही. 26 एप्रिल 2018 ला उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगवर शाळेची व्हॅन गाडीखाली आली आणि तेरा मुले गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे तिथल्या मुख्यमंत्र्यांनी त्याच दिवशी सांगितले. हात मोकळेच असणार त्याचे.

एसटी महामंडळाने नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या चालकांना गाडी चालवताना मोबाइलवर बोलायला आणि हेडफोन लावायलाही मनाई केली. मार्च 2025 मध्ये मुंबई-पुणे मार्गावर ई-शिवनेरीचा एक चालक मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघताना प्रवाशांच्या कॅमेऱ्यात सापडला. त्याची नोकरी गेली आणि ठेकेदार कंपनीला दंड झाला. हे ठीकच झाले. पण मला महामंडळाची हेडफोनवरची मनाई अधिक मोलाची वाटते, कारण तिथे हात आणि कान असा भेद केलेला नाही. देशाचा कायदा जिथे पोचला नाही तिथे एसटीची जुनी पाटी आधीच पोचली होती. खासगी पिकअप, वडाप, उसाचा ट्रॅक्टर यांना कुठले महामंडळ नाही आणि पाटीही नाही.

आणखी एक माणूस या सगळ्या कायद्यांतून, अहवालांतून, चर्चांतून सुटतो. फोन करणारा. भाऊ गाडी चालवतोय हे त्या माल पाठवणाऱ्याला माहीत होते. "कुठवर पोचलास?" हाच तर त्याचा पहिला प्रश्न होता. चालक फोन का उचलतो? मजा म्हणून नव्हे. नाही उचलला तर पुढची खेप दुसऱ्याला जाते. दंडाची पावती मात्र फाडली तर चालकाच्याच नावाने फाडली जाते. घरचेही यात कमी नाहीत. मुलगा निघाला की दर अर्ध्या तासाला काळजीने फोन करणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

भाऊ आठ महिन्यांनी पुन्हा गाडीवर बसला. पाय थोडा ओढत चालतो. आता गाडी निघाली की त्याचा फोन क्लीनर पोराकडे असतो. कॉल आला की पोरगा सांगतो, "उस्ताद गाडी चालवतोय, नागजला चहाला थांबल्यावर लावतो." परवा असाच एका व्यापाऱ्याचा फोन आला, पोराने तेच सांगितले आणि वीस मिनिटांनी भावाने फाट्यावरून उलट फोन केला. व्यापारी म्हणाला, आता राहू दे, दुसरी गाडी ठरली. भावाने चहाचे पैसे दिले आणि रिकामी गाडी घेऊन तो कवठ्याला परत आला.